नळी खाली

आधी दोन बोटं यायची. तर्जनी आणि मधलं बोट, एकमेकांना चिकटलेली. तुमच्या हातात छत्री असो, झाडू असो की पाण्याचा पाइप असो, त्याचं टोक समोरच्या माणसाकडे वळलं की ही दोन बोटं कुठूनशी यायची, त्या टोकावर अलगद टेकायची आणि ते जमिनीकडे दाबायची. मागून आवाज यायचा, "नळी खाली, भाऊ."

आवाजात राग नसे. झोपलेल्या मुलाचं पांघरूण सारखं करताना माणूस जसं पुटपुटतो, तसं ते म्हणायचे आणि आपल्या वाटेनं निघून जायचे. नव्या माणसाला काय झालं ते कळायचंच नाही. तो छत्री खाली धरून तसाच उभा राहायचा.

आमच्या दिग्रसच्या गल्लीत त्यांना सगळे बंदूकवाले काका म्हणत. बाहेरगावच्या पाहुण्याला हे नाव ऐकून धडकी भरायची. मग काका समोर यायचे: बारीक अंगकाठी, मोठ्या झुबकेदार मिशा, पायात स्लीपर, हातात भाजीची पिशवी. त्यांची बंदूक म्हणजे जत्रेतली, छर्ऱ्यांची, फुगे फोडायची. एक उभी फळी, तिच्यावर ओळीनं टाचलेले फुगे, समोर टेबल आणि टेबलावर दोन बंदुका. तुम्हीही कधीतरी अशा टेबलावर कोपर टेकून एक डोळा मिटला असेल, फुगा सोडून फळीला छर्रा मारला असेल आणि नळीच वाकडी आहे म्हणून बंदुकीला दोष दिला असेल. टेबलामागचा माणूस तेव्हा कुठे पाहत होता, हे तुमच्या लक्षात आलं नसेल. आमचे काका तुमच्या हाताकडे पाहायचे. तुमचा नेम लागला काय, चुकला काय, त्यांना त्याचं सोयरसुतक नसे. बंदूक फळीपासून जरा बाजूला वळली की दोन बोटं आलीच.

या सवयीपायी गल्लीतल्या पोरांच्या होळीचा दरवर्षी पचका व्हायचा. काकांच्या देखत पिचकारी मारायची तर ती समोरच्याच्या पायांवर. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल उडवायचं तर ओट्याकडे तोंड करून. एकदा निवडणुकीत एक उमेदवार गल्लीत आले आणि बोट रोखून रोखून विरोधकांचा समाचार घेऊ लागले. ते बोट नेमकं आमच्या शेजाऱ्यांच्या दिशेनं होतं. काका गर्दीतून पुढे झाले आणि त्यांनी ते बोट दोन बोटांनी हळूच खाली केलं. उमेदवारांना वाटलं, म्हातारा हात मिळवायला आला. त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला, फोटो काढून घेतला आणि ते पुढच्या गल्लीत गेले.

तो फोटो माझ्याच दुकानात धुतला गेला. बसस्टँडजवळ माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. काका पहिल्यांदा फोटो काढायला आले तेव्हा मी जरा घाबरलोच होतो, कारण माझ्या कॅमेऱ्याची लेन्स चांगली लांबलचक. म्हटलं, आता हीही खाली करतात की काय. पण काका तिच्यासमोर ताठ बसले. म्हणाले, "हे चालते. याच्यातून भाईर काही निघत नाई. जे हाये ते अंदर जाते."

मी एवढी वर्षं या धंद्यात आहे, पण कॅमेऱ्याबद्दल इतकं चांगलं मला कोणी सांगितलं नव्हतं.

काकांना एकच हौस होती, सिनेमाची. आणि ती हौस विचित्र रीतीनं अर्धीच राहिली होती. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून फुग्यांची फळी जत्रेत कायम तंबूतल्या टॉकीजला लागून उभी राहायची. तंबूतून बाहेर आलेला माणूस जोशात असतो, त्याला बंदूक उचलावीशी वाटते, हा वडिलांचा हिशेब. त्यामुळे काकांनी लहानपणापासून सगळे सिनेमे कनातीच्या बाहेरून ऐकले. संवाद पाठ, गाणी पाठ, घोड्यांच्या टापा पाठ, पण कोणत्या आवाजाचा चेहरा कसा, ते माहीत नाही. संध्याकाळ व्हायची, धुळीतून जनरेटरचा आवाज यायचा, फुग्यांवर पेट्रोमॅक्सचा उजेड पडायचा आणि कापडाच्या पलीकडे कोणीतरी रडत असायचं. ते कोण रडतंय, याचा विचार करत काका छर्रे भरायचे. मला हे सांगताना त्यांचे डोळे अर्धे मिटलेले असत, आणि खरं सांगतो, मलाही त्या कापडाच्या आतला उजेड दिसायला लागायचा.

"आयुष्यभर पडद्याच्या मांगून ऐकलं, भाऊ," ते म्हणायचे. "एक डाव पडद्यावर आपलं तोंड दिसलं पाह्यजे. मंग फळी मोडली तरी चालते."

आम्ही हसायचो. दिग्रसला कोण येतंय सिनेमा काढायला!

पण आले. दोनेक वर्षांमागे पावसाळा सरला तेव्हा मुंबईची मंडळी गाड्या भरभरून आली. जुन्या काळच्या राजकारणावरचा सिनेमा होता. गोऱ्या साहेबाचं राज्य, कचेरीवर चालून आलेले गावकरी, आणि कचेरीसमोर रांगेत उभे शिपाई. गावाबाहेर कापसाची एक बंद पडलेली जिनिंग गिरणी आहे. तिच्या आवाराला त्यांनी चुना फासला, दारावर मोठी पाटी लावली, आणि चार दिवसांत तिची सरकारी कचेरी झाली. गर्दीसाठी गावकरी हवे होते, ते दिग्रस-आर्णीकडून मिळाले. कोणी कोणते कपडे घातले होते ते दुसऱ्या दिवशी जुळावं म्हणून प्रत्येकाचा फोटो काढायला मी मिळालो. आणि बंदुका सांभाळायला माणूस हवा म्हटल्यावर सगळ्यांनी एकच घर दाखवलं.

मुंबईहून बंदुकांचा एक मास्तर आला होता. त्याच्या पेट्या उघडल्या तेव्हा मी काकांच्या शेजारीच होतो. पुढच्या रांगेसाठी लोखंडी रायफली, अगदी खऱ्यासारख्या, खटका ओढला की वाजणाऱ्या. मधल्या रांगेसाठी लाकडी. आणि पळापळीच्या दृश्यासाठी चक्क रबराच्या, म्हणजे कोणी पडलं तरी लागू नये. खरी त्यांच्यात एकही नव्हती. काकांनी प्रत्येकीची नळी बोटानं चाचपली, आत फुंकून पाहिलं, आणि सगळ्या भिंतीशी तोंड खाली करून लावायला सुरुवात केली. मास्तर म्हणाला, "काका, नकली हैं सब."

"असू द्या," काका म्हणाले, "पाहनाऱ्याले कुठं माहीत हाये?"

दुसऱ्या दिवशी दुपारी रबरी बंदुका चुकून उन्हात राहिल्या. आमच्याकडचं ऑक्टोबरातलं ऊन मुंबईच्या रबराला माहीत नसावं. जेवून येऊन पाहतो तर सगळ्यांच्या नळ्या वितळल्यासारख्या वाकून जमिनीकडे झुकलेल्या. मास्तर डोक्याला हात लावून बसला. काकांनी मला हाक मारून बोलावलं आणि त्या वाकलेल्या बंदुका दाखवल्या. "पाहा भाऊ, कोनी सांगतलं नाई तरी समजलं यायले." त्या दिवशी ते एवढे खूश होते की संध्याकाळी सगळ्यांना चहा पाजला.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची, अवजारांची पूजा होते. काका दरवर्षी आपल्या दोन छर्ऱ्याच्या बंदुकांची करायचेच. त्या वर्षी तर त्यांच्या ताब्यात एवढा मोठा शस्त्रसाठा! पूजेसाठी फुलसावंगीहून त्यांची धाकटी बहीण आली होती. गल्लीत तिला आम्ही सगळे आत्याच म्हणतो. भावाबहिणीनं मिळून लोखंडी, लाकडी, रबरी, सगळ्या बंदुकांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली, आपट्याची पानं ठेवली. शूटिंगला सुट्टी होती, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेबाच्या शिपायांच्या रायफलींवर कुंकवाचे ठिपके पाहून कपडे-सामान सांभाळणारी मुलगी किंचाळलीच. सुट्टीआधीच्या दृश्यात हे ठिपके नव्हते. ओली फडकी घेऊन सगळे पुसायला बसले. तिच्या पद्धतीनं ती बरोबर होती, पण काकांचा चेहरा मला बघवला नाही. एका लाकडी रायफलीच्या दस्त्यावरचा ठिपका मात्र लाकडात मुरला होता, तो काही जाईना. ती त्यांनी मागच्या रांगेत ढकलली.

आत्यालाही गर्दीत घेतलं होतं. फोटोसाठी ती माझ्यासमोर उभी राहिली. आत्याला डावा डोळा नाही. तिथे नुसती मिटलेली पापणी आहे. मी सवयीनं तिला जरा उजवीकडे वळायला सांगितलं.

"काहून? डोळा चुकवता काय?" ती हसली. "समोरून काढा. मले काही लाज नाई. लाज थ्या बह्याडाले वाटते, आमच्या दादाले."

आणि मग कपडे-सामानवाल्या मुलीनं तिच्या डोक्यावरचा पदर सारखा करेपर्यंत तिनं मला सगळं सांगून टाकलं. दोघं लहान होती. वडील जेवायला गेलेले. कनातीच्या आत सिनेमा ऐन रंगात आला होता, कोणीतरी कोणावर पिस्तूल रोखून डरकाळी फोडत होता. ते ऐकून या भावानं टेबलावरची बंदूक उचलली, बहिणीवर धरली आणि तीच डरकाळी फोडली. बंदूक रिकामी आहे, असं त्याला वाटलं होतं.

"मी हासून राह्यली होती हो," आत्या म्हणाली. "मले वाटलं, दादा हिरो झाला. डोळा माझा गेला, अन् जन्मभर रडून राह्यला थो. मी किती डाव सांगतलं त्याले, सोड म्हनून. आता पाह्यजा तुम्ही, पिच्चरमंधी त्याचं तोंड दिसलं ना, मंग सुटते थो."

मी फोटो काढला. समोरून. तो अजून माझ्याकडे आहे, आणि त्यात आत्या खरोखर हसते आहे.

गोळीबाराचं दृश्य त्याच दुपारी होतं. एक शिपाई कमी पडला, म्हणून काकांना खाकी वर्दी चढवली, डोक्याला फेटा बांधला. आयुष्यभर स्लीपर घालून हिंडलेला माणूस एकदम जुन्या तसबिरीतून उतरल्यासारखा दिसत होता. दिग्दर्शक जाता जाता थांबला. तरुण होता, बोलायला मऊ. तो काकांच्या मिशांकडे, डोळ्यांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "यांना पुढे घ्या. यांचा चेहरा मोठा दिसला पाहिजे." काकांच्या हातातली कुंकवाची रायफल मागे गेली, लोखंडी आली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या बोहल्यावर चढलेल्या माणसाच्या तोंडावर असतं तसलं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं.

धूर सोडला. ऊन त्या धुरात अडकून पिवळं झालं. समोर गावकरी, त्यांत पुढेच आत्या. रांगेला हुकूम झाला, "बंदुका वर!" सगळ्या रायफली वर गेल्या. काकांची कमरेपर्यंत आली आणि थांबली.

पुन्हा केलं. पुन्हा कमरेशी थांबली.

दिग्दर्शक स्वतः जवळ आला. "काका, यात काही नाही. नुसतं खेळणं आहे."

"माहीत हाये, साहेब. सकाळी मीच वाटल्या."

"मग?"

"समोर मानसं हायेत."

"दृश्यच ते आहे, काका. समोर माणसं आहेत म्हणून तर हे दृश्य आहे."

काकांनी मान हलवली. म्हणजे त्यांना ते पटलं होतं. एवढ्यात गर्दीतून आत्याचा आवाज आला. "उचल ना, दादा! लटकी हाये थे! उचल, तुह्यं तोंड येऊन राह्यलं पिच्चरमंधी!" सगळे हसले. गर्दीतली माणसंही "उचला काका, उचला" म्हणू लागली. काकांनी बहिणीकडे पाहिलं. रायफल कमरेवरून छातीपर्यंत आली. नळीच्या पलीकडे आत्या हसत उभी होती. पदर डोक्यावर, एक डोळा उघडा, एक मिटलेला. मी मनात म्हणत होतो, करा काका, एवढं एकदा करा. मग डावा हात सुटला, आणि त्या हाताची दोन बोटं नळीवर आली. स्वतःच्याच नळीवर. ती खाली गेली.

उजेड चालला होता. दिग्दर्शकानं उसासा टाकला आणि आर्णीच्या एका दणकट माणसाला पुढे बोलावलं. काकांनी लोखंडी रायफल त्याच्या हातात दिली, देताना तिचं तोंड जमिनीकडे ठेवलं, आणि शेवटच्या रांगेत जाऊन ते कुंकवाची लाकडी रायफल घेऊन उभे राहिले. तिथून त्यांचा चेहरा कोणालाच दिसत नव्हता.

संध्याकाळी मी त्यांच्यावर चिडलो. अगदी मनापासून चिडलो. जन्मभराची हौस दारात आली आणि यांनी तिला परत पाठवली! "काका, एका मिनिटाचा तर प्रश्न होता," मी म्हणालो.

ते फेटा सोडत होते. "तवाबी एक मिनिटच होतं, भाऊ."

आत्या तर त्यांच्याशी बोलायचीच बंद झाली. तिचं म्हणणं वेगळं होतं. हा माझा डोळा अजून डोक्यावर घेऊन फिरतो आणि मला मोकळं होऊ देत नाही. दुसऱ्या दिवशी तिला फुलसावंगीला जायला पुसदच्या गाडीत बसवायला काका गेले, तेव्हा तिनं खिडकीतून तोंड बाहेर काढलं नाही. काका गाडी वळेपर्यंत उभे राहिले. माझ्या दुकानासमोरून परत येताना ते म्हणाले, "पडद्यावरचंबी तोंड गेलं, भाऊ," आणि हसले. पुढे भाऊबीजेला ती आली, तिनं ओवाळलं, पण सिनेमाचं नाव दोघांनी काढलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात काका गेले. दुपारी ओट्यावर डुलकी घेत होते, त्यातच. कोणाला त्रास नाही, कोणाला हाक नाही. त्यांच्या घरात फुग्यांची फळी अजून भिंतीला टेकलेली आहे आणि दोन्ही बंदुका शेजारी, तोंड खाली करून. गल्लीत आता होळीला पोरं वाटेल तशी पिचकारी मारतात. मला ते आवडत नाही, पण मी सांगायला जात नाही. ती दोन बोटं माझी नाहीत.

सिनेमा यंदा आला. मी आत्याला कळवलं. ती फुलसावंगीहून आली, मी दिग्रसहून गेलो आणि आम्ही यवतमाळला दुपारच्या खेळाला बसलो. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की काका दिसणार नाहीत, उगीच आशा धरू नका. ती म्हणाली, "मले माहीत हाये. मी नुसती बसते." अंधारात थंडगार हवा, मोजकी माणसं. ती खुर्चीच्या काठावर बसली होती, पदर डोक्यावरून घेऊन, देवळात बसतात तशी.

कचेरी आली. आमची जिनिंग ओळखूच येत नव्हती. धूर आला, तेच पिवळं ऊन आलं. शिपायांची रांग दिसली. आर्णीचा तो माणूस पडद्यावर भला मोठा दिसला, चांगला दिसला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. मग कॅमेरा वर गेला आणि सगळी रांग वरून दिसली. हुकूम झाला. एकदम सगळ्या नळ्या वर उठल्या, वाऱ्यानं ज्वारी एका बाजूला कलावी तशा. एक सोडून. शेवटच्या रांगेत, अगदी कडेला, एक फेटा वाकलेला होता, त्याच्यापुढे एक नळी सरळ जमिनीकडे होती, आणि तिच्या दस्त्यावर एक लहान लाल ठिपका होता. मुंबईच्या एवढ्या शहाण्या माणसांच्या नजरेतून ते कसं सुटलं कोण जाणे. की त्यांनी पाहून ठेवलं?

मला राहवलं नाही. आपण अंधारात बसलो आहोत हेही विसरून मी हात उंच केला, पडद्यावरच्या त्या कोपऱ्याकडे बोट रोखलं आणि म्हणालो, "आत्या, ते पाहा, ते पाहा, काका!"

आत्यानं कधीच पाहिलं होतं. तिच्या उघड्या डोळ्यातून पाणी गालावर येत होतं, ते तिनं पुसलं नाही. पडद्यावरची नजर न हलवता तिनं हात पुढे केला. दोन बोटं, एकमेकांना चिकटलेली, माझ्या बोटावर येऊन टेकली आणि त्यांनी ते हळूच खाली दाबलं.

"नळी खाली, भाऊ," ती म्हणाली.